तेल न दिलेला रेचा

बाई,

तू गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. कागदाच्या डाव्या बाजूला दोन बोटांचा समास सोडून मी रेघा आखून घेतल्या आहेत. तू पाहिलं असतंस तर म्हणाली असतीस, "रडायले बी रेघा मारून बसते व ही!" हो, बसते. रेघा नसल्या की माझी ओळ वाकडी जाते. आज ती रेघा असूनही वाकडी जाते आहे.

लिहिते आहे तुला, पण याची स्वच्छ नक्कल रंगूनला जाणार आहे, माझ्या नातवंडांकडे. कमळ आणि यशवंत यांनी तुला एकदाच पाहिलं, तेही अकोल्याच्या स्टेशनावर, गाडी सुटता सुटता. तू त्यांच्या हातात तिळाच्या वड्या कोंबल्यास, एवढंच त्यांना आठवतं. म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही मधूनमधून सांगाव्या लागतील. राग धरू नकोस. चारचौघांत मी तुला जन्मभर 'तुमी' म्हणत आले, थोरली जाऊ म्हणून. सरकी काढायच्या रेच्यापाशी मात्र तू मला 'तू'च म्हणायला लावलंस. आज मी रेच्यापाशीच बसले आहे असं समज.

आधी भीतीचं सांगते, म्हणजे बाकीचं सुचेल.

तुझा नातू श्रीधर तेल्हाऱ्याला तापानं पडला आहे. कापसाच्या खरेदीला गेला आणि तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरली. परवाच्या पत्रात होतं, ताप उतरत नाही, तापात बडबडतो. तुझा मुलगा काल पहाटे तिकडे निघाला. काल टपालात काही आलं नाही. आजचं टपाल दुपारी येईल. अकोल्याच्या या तुझ्या घरात मी आणि वेणू आहोत. वेणू म्हणजे श्रीधरची बायको, सोळा वर्षांची, रोज माझ्यासमोर पाटी घेऊन बसणारी. तिला माझ्यासमोर तूच बसवलंस. तिला इंग्रजी वाक्यं फोडायला मी शिकवते आहे, आणि तिचा नवरा तापात आहे.

यात भिण्यासारखं काय, असं कमळ विचारील. ती शाळेत वाढलेली मुलगी आहे. तिला कोण सांगणार, की आमच्या वेळी बाईनं अक्षराला हात लावला तर तिचा नवरा जातो, असं घराघरात मानत असत. कोणी त्यावर वाद घालत नसे. चुलीत हात घातला तर पोळतो, तितकं ते सरळ होतं.

मी अकराव्या वर्षी दर्यापूरकडून अमरावतीला नांदायला आले, तेव्हा तू पंधराची होतीस आणि घरातली जुनी सून होतीस. ती कापसाच्या तेजीची वर्षं. परकोटाच्या बाहेर आपलं घर होतं, दारावरून दिवसभर गाड्या जायच्या. हवेत कापूस, केसांत कापूस, वरणात कापूस. बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं आली. मी तुला विचारलं होतं, की एवढा कापूस लोकांना आताच कशाला हवा झाला. तू म्हणालीस, "तिकडं समुद्राच्या पल्ल्याड गोरे आपसात लढून राहिले म्हंते. भांडन त्यायच्या घरचं, अन् फोड आपल्या हाताले."

तुझं बोलणं तसंच असायचं. पुण्याकडचं कोणी ऐकलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही बाई भांडते आहे.

फोड यायचे ते रेच्यानं. आपल्या घरी कापसातली सरकी काढायचा लाकडी हातरेचा होता. एकीनं दांडा फिरवायचा, दुसरीनं दोन लाटांच्या, म्हणजे लाकडी रुळांच्या मधे कापूस सारायचा. पलीकडे रुई पडायची, अलीकडे सरकी. ज्या खोलीत तो होता तिच्या भिंतीला लागूनच ओसरी होती, आणि त्याच वर्षी मामाजींनी, आपल्या सासऱ्यांनी, ती ओसरी एका मास्तरांना वर्गासाठी दिली. कापसाच्या पेढ्यांना इंग्रजी पत्रं लिहिणारे कारकून हवे होते. गावातले दहा-बारा तरुण सकाळी तिथे बसत. त्यांत माझे यजमानही होते, सतरा वर्षांचे, मिशी फुटायची वाट पाहणारे. भिंतीला वर एक झरोका होता. मास्तरांचा आवाज त्यातून थेट आपल्या डोक्यावर पडायचा.

मला वाटलं होतं, तू ऐकत नसशील. तू दांडा फिरवत होतीस, मान खाली. चौथ्या की पाचव्या दिवशी तू एकदम पुटपुटलीस, "दोनदा तेच सांगून राहिला मास्तर. पोट्ट्यायले समजत नाई." मी विचारलं, तुला समजतं का? तू माझ्याकडे पाहिलंस आणि उत्तर न देता तेलाचं बुधलं उचलून गवताखाली लपवलंस.

त्याचा अर्थ मला दोन दिवसांनी कळला. रेच्याला तेल असलं की तो गुपचूप चालतो, आणि गुपचूप चालतो म्हणून आत्याबाई घडीघडी येऊन पाहत, सुना बसल्या आहेत की काम करत आहेत. तेल नसलं की तो कुरकुरतो, आणि स्वयंपाकघरात बसलेल्या सासूला कुरकुर ऐकू आली की तिचा जीव थंड राहतो. वर्ग चालू असेपर्यंत तू रेचा थांबू दिला नाहीस. कधीकधी तर कापूस न घालता नुसताच फिरवायचीस आणि वर्ग सुटला की आपण दोघी घाम गळेस्तोवर राहिलेलं काम उरकायचो. आत्याबाई शेजारणीला सांगत, "माह्या सुनायचा रेचा सकाळपासून बंद नाई." तू पदरात तोंड खुपसून हसायचीस. एकदा ओसरीतल्या कोणीतरी तक्रार केली, मास्तर, हा आवाज बंद करायला सांगा. मास्तर म्हणाले, "तो चालू आहे तोवर निदान कोणीतरी काम करतंय, एवढं मला समाधान आहे."

पण त्या आवाजाची एक खोट होती. अर्ध्या फेऱ्याला रेचा किरकिरायचा आणि मास्तरांचा एक शब्द गिळायचा. आपल्याला वाक्यं मिळायची ती भोकं पडलेली. 'द मॅन हू', किर्रर्र, 'द कॉटन', किर्रर्र, 'होम'. मी हिरमुसायचे. तू मात्र त्या भोकांशीच खेळत बसायचीस. "इथं काहीतरी केलं असन त्या मान्सानं. काई केल्याबिगर थो घरी कसा जाईन?" पोरांना पूर्ण वाक्यं मिळत होती आणि ते ती पाठ करत होते. तुला तुकडे मिळत होते, म्हणून तुला कोणता तुकडा कोणाला धरून आहे हे आधी पाहावं लागे. मी पुढे ट्रेनिंगला गेले, जाड पुस्तकं वाचली, पण वाक्य कसं उभं असतं हे मला त्या किरकिरीतच समजलं.

आणि दाराची परीक्षा. ती तर तुझीच.

मास्तर त्या दिवशी 'क्लॉज' समजावत होते. मुख्य वाक्य, गौण वाक्य, एक स्वतंत्र, एक अवलंबून. तिसऱ्यांदा सांगूनही ओसरीत कोणाला ते उमजेना. तू दांडा न थांबवता मला म्हणालीस, "आयक, धाकले. तुकडा उचलाचा अन् दारात एकटा उभा कराचा. 'द मॅन वेंट होम.' आता कोनी काई इचारते का त्याले?"

"नाही."

"काहून नाई?"

"माणूस घरी गेला. झालं."

"हां. कर्ता मानूस हाय थो. एकटा दारात उभा राह्यला तरी कोनी इचारत नाई, कोनाचा तू. आता दुसरा कर उभा. 'व्हेन द सन वॉज हॉट.' काय म्हंतीन लोक?"

मी विचार केला. "मग पुढे काय, म्हणतील."

"बरोब्बर. 'कोनाची व तू? कोनासंग आली?' हे म्हंजे आपल्यासारखं. लुगडं बी हाय, नाकात नथ बी हाय, सारं हाय, पन एकटी दारात उभी राह्यली की जो तो इचारते, कोनाची."

हे बोलून तू खदखदा हसलीस. मीही हसले. त्यात हसण्यासारखं फार नव्हतं, हे मला मोठेपणी कळलं. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मी सगळी नोकरी त्या परीक्षेवर काढली. वर्गाच्या दारात मुलीला उभी करायचं, तिच्या हातात वाक्याचा तुकडा द्यायचा, आणि बाकीच्या मुलींनी ओरडायचं, "कोनाची?" किंवा गप्प राहायचं. एकदा तपासायला आलेले साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, ही पद्धत कोणत्या पुस्तकातली? मी म्हणाले, आमच्या घरची आहे. तुझं नाव सांगितलं नाही. तू सांगू दिलं नव्हतंस.

का नव्हतंस, ते आता लिहायलाच हवं. इथपर्यंत मी हसत आले, कारण पुढे यायचं नव्हतं.

तुझे यजमान, माझे थोरले दीर म्हणजे भासरे, कापसाच्या गाड्या घेऊन मावळतीकडे गेले होते. आगगाडी तेव्हा आपल्यापर्यंत यायची होती. ती जिथवर आली होती तिथवर गाड्या न्यायच्या, दोन-तीन आठवड्यांची खेप. तोवर आपण लिहूही लागलो होतो. रेच्याच्या फळीवर कोळशानं लिहायचं आणि तळहातानं पुसायचं. माझ्या यजमानांना माझी चोरी कळली होती. जेवताना ते धडा पुटपुटत अडखळले आणि वाढता वाढता माझ्या तोंडून पुढचा शब्द निघून गेला. घास हातात धरून ते माझ्याकडे पाहतच राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांचं जुनं व्याकरणाचं पुस्तक मला कापसाच्या ढिगात सापडलं. त्यांनीच ठेवलेलं.

त्या सकाळी मास्तर सांगत होते, 'व्हेन द कार्ट्स कम बॅक, द मेन विल रेस्ट.' तू कोळशानं लिहीत होतीस, अक्षर तुझं माझ्यापेक्षा ठसठशीत. पहिला तुकडा लिहून झाला होता आणि तू दुसऱ्याला हात घातलास, तेवढ्यात दारात रडणं ऐकू आलं. आपल्या गाडीवानाची आई होती. वाटेत पटकी लागली, दोन गाडीवान गेले, बाकीचे कोण कुठे पडले आहेत ते माहीत नाही, असा निरोप कोणी आणला होता.

मी दांडा सोडला. रेचा थांबला. आत्याबाईंनी त्या दिवशी विचारलं नाही, थांबला काहून.

तू फळीवरचा तुकडा तळहातानं पुसलास. मग पदरानं पुसलास. मग थुंकी लावून पुसलास, फळी ओली होईपर्यंत. आणि तोच काळा हात रेच्यावर ठेवून म्हणालीस, "हे घरी आले, तर हे जिते हायत तोवर मी अक्षराले शिवनार नाई." नंतर माझं मनगट धरलंस. "तू बी म्हन."

मी म्हणाले नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी अकरा वर्षांची होते आणि ढिगाखाली ते पुस्तक होतं. मी फक्त नाही अशी मान हलवली. तू माझं मनगट सोडलंस.

"बरं," तू म्हणालीस. "तुह्या नवऱ्याचं तू पाह्य."

बाई, एवढंच. रागानं नाही, शिव्याही नाहीत. तू ते वाक्य विसरली असशील. मी ते पन्नास वर्षं रोज ऐकलं आहे.

नवव्या दिवशी भासरे परत आले, गाडीच्या दांडीला धरून, पायी. गालफडं बसलेली, पण जिवंत. सगळं घर अंगणात धावलं. तू आली नाहीस. मी आत पाहिलं तर तू गवताखालचं बुधलं काढून रेच्याला तेल देत होतीस.

त्यानंतर रेचा कुरकुरला नाही. मास्तरांचा शब्द न् शब्द मला स्वच्छ ऐकू येऊ लागला, आणि तू शेजारी बसून कापूस सारत होतीस, जणू पलीकडे कोणी बोलतच नव्हतं. मी कधी विचारलंच, की या वाक्यात कोणता तुकडा दारात उभा राहील, तर तू म्हणायचीस, "सरकी पाह्य, रुईत जाऊन राहिली."

सात वर्षांनी माझे यजमान तापानं गेले. पाच दिवसांचा ताप. माझा मुलगा दीड वर्षांचा होता. आत्याबाईंनी छाती बडवत माझ्याकडे बोट दाखवलं, "पुस्तकानं खाल्लं माह्या लेकराले!" आणि पुस्तक उचलून गोठ्याकडे भिरकावलं. तू कोपऱ्यात उभी होतीस, हात पदरात. मी तुझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस.

तिसऱ्या दिवशी माझ्या पेटीत मला ते पुस्तक सापडलं. शेण पुसलेलं, एका जुन्या चोळीच्या खणात गुंडाळलेलं. अक्षराला तुझा हात लागू नये म्हणून तू ते कापडात धरून उचललं होतंस. शपथही मोडली नव्हतीस आणि पुस्तकही सोडलं नव्हतंस. त्या खणाला धरून मी पुढे शाळा शिकले, शिकवली, मुलगा वाढवला. त्याचे उपकार कसे मोजू? पण त्या खणातून मला तुझं मन वाचता आलं नाही. तुला काय वाटलं होतं? मी मारलं का त्यांना?

मी हे तुला कधी विचारलं नाही. त्याऐवजी भांडत राहिले. भासरे आणि तू मुलाकडे अकोल्याला राहायला आलात तेव्हापासून दर दिवाळीला मी येत असे आणि दर दिवाळीला आपलं तेच भांडण. मी म्हणायची, ही सगळी समजूत आहे, ताप ताप असतो, पटकी पटकी असते, तू एक ओळ वाचून दाखव. तू म्हणायचीस, "तुह्या शाळंतल्या पोट्टीले शिकव, मले नको." कचेरीत कागदावर तू अंगठा उठवलास तेव्हा मी मान वळवली होती. आणि अकोल्याच्या स्टेशनावर? गाडी आली, गर्दीत तू मला थेट बायकांच्या डब्याकडे ओढत नेलंस. मी विचारलं, "तुले कसं समजलं व, हा बायकायचा डबा?"

"बाया बसल्या हायत. दिसते ना मले."

आत एकही बाई नव्हती. दारावर फक्त इंग्रजी अक्षरं होती. आत बसल्यावर आपण दोघी उगाच बाहेर पाहत हसत होतो.

मी मोठ्या आवाजात सांगायची की मला भीती वाटत नाही. खरं सांगते, माझ्या वर्गातली मोठी मुलगी लग्न ठरून शाळा सोडून गेली की मला सुटल्यासारखं वाटायचं. आणि एखादी लग्नानंतरही येत राहिली, तर मी तिच्या नवऱ्याची खुशाली रोज विचारायची. मुलींना वाटायचं बाई मायाळू आहेत.

यंदा भासरे गेले. पिकलं पान होते, मुला-नातवाजवळ गेले. दीड महिन्यानं तुझा निरोप आला, ये, आणि येताना पाटी आण. मला वाटलं, शेजारच्या कोणा पोरासाठी हवी असेल. मी आले तर तू पांढऱ्या लुगड्यात खाटेवर बसली होतीस, हाडांचा सापळा झालेली. पाटी हातात घेतलीस, पेन्सिल घेतलीस, आणि थांबून थांबून लिहिलंस, 'द मॅन वेंट होम.' अक्षर अजून माझ्यापेक्षा ठसठशीत.

"शपथ सुटली," म्हणालीस. "आता मले कोनाचं भेव?"

किती शिकलो आपण त्या महिन्यात! तुझ्या वाक्यांत ठरावीक जागी भोकं होती. रेचा किरकिरायचा तिथे तू नकळत थांबायचीस. मीही थांबते, माझ्या मुली मला त्यावरून चिडवायच्या. दोन म्हाताऱ्या एकाच जागी अडखळत इंग्रजी वाचत होत्या. चौथ्या दिवशी तू वेणूला हाक मारलीस, "ये व, बस इथं," आणि मला म्हणालीस, "हिले शिकव. दाराची परीक्षा दे पह्यले."

मी म्हणाले, हिला कशाला, हिला घरचं काम आहे. तू माझ्याकडे रोखून पाहिलंस. ती पन्नास वर्षं जुनी नजर होती, फक्त डोळ्यांत पाणी साचलेलं. मी वेणूला शिकवायला लागले.

दोनदा माझ्या तोंडाशी आलं होतं. एकदा तर मी सुरुवातही केली, "बाई, हे गेले तेव्हा तुले काय..." तू पाटी पुढे केलीस. "हे फोड पह्यले." मी फोडलं. मग तुला खोकला आला, मग वेणूनं पेज आणली, मग राहूनच गेलं. त्याच आठवड्यात तू गेलीस. तुझ्या उशाशी पाटी होती. मी ती पुसली नाही, धुतली नाही, कापडात गुंडाळून ठेवली.

आणि आता श्रीधर.

आज सकाळी वेणू पाटी घेऊन आली तेव्हा मी सांगितलं, आज धडा नाही. उद्याही नाही. श्रीधर बरा होऊन आला की पाहू. मी आवाज अगदी सरळ ठेवला होता, पण सोळा वर्षांच्या मुलींच्या कानातून काही सुटत नाही.

"आजी, तुमाले भेव वाटून राहिलं?"

मी म्हणाले, भीती कसली, तू दमली आहेस.

ती गेली नाही. पाटीची चौकट नखानं खरवडत बसली. मग म्हणाली, "मले शिकवाच्या आंधी मोठ्या आजीनं यायले इचारलं होतं. माह्यासमोर."

"कोणाला?"

"यायलेच." म्हणजे श्रीधरला; तेल्हाऱ्याच्या दिशेनं तिनं मान वळवली. "म्हने, 'तुह्या बायकोले इंग्रजी शिकवते. तुले भेव वाटते का?' हे हासले. म्हने, 'मले काहून भेव वाटन?' तं मोठी आजी म्हने, 'तुले नाई, मले वाटते. लय वाटते.' मंग हे म्हने, वाटते तं कायले शिकवते मंग?"

मी विचारलं, मग ती काय म्हणाली?

"म्हने, 'धाकलीनं हे भेव सारा जनम एकटीनं वाह्यलं. मी तिले एकटी सोडली होती. आता माह्या घरचं भेव बी तिच्यासंग ठेवते.'"

बाई.

तुला वाटतच होतं, म्हणजे. मी इतकी वर्षं याच उत्तराला भीत होते, की अक्षरानं नवरा जातो असं तुलाही वाटतं. तुझी भीती गेली नव्हती. भासऱ्यांबरोबर ती जळाली असेल असं मला वाटलं, पण नाही. ती तशीच उराशी होती आणि तरी तू तुझा नातू, तुझ्या वंशाचा एकुलता अंकुर, आणून माझ्या ओंजळीत ठेवलास. मी चूक केली होती का, हे तू सांगितलं नाहीस. तुलाही ते ठाऊक नव्हतं. तू नुसती येऊन माझ्या शेजारी उभी राहिलीस, आणि मला न सांगता.

मी दांभिक होते. निर्भय असल्याचं बोलत होते आणि आज एका तापाच्या पत्रानं पाटी दूर सारायला निघाले होते. तू भीत होतीस आणि सरळ सांगत होतीस, आणि पाटी पुढे करत होतीस. आपल्या दोघींत शिकलेली कोण, हे कमळनं ठरवावं.

मी वेणूला म्हणाले, बस. दोन तुकड्यांचं वाक्य लिही, तुझ्या मनाचं.

तिनं बराच वेळ लावला. मग पहिला तुकडा लिहिला. 'व्हेन ही कम्स होम.' माझा हात आपोआप पुढे गेला, तळहात उघडा, तू त्या दिवशी फळीवर नेला होतास तसाच. पुसावं, ओला करून पुसावं, काही मागू नये, काही लिहू नये. वेणूनं माझा हात पाहिला आणि पाटी स्वतःकडे ओढून धरली. मग जीभ दातांत धरून पुढचा तुकडा लिहिला. 'आय शॅल रीड धिस टू हिम.'

"आजी, बरोबर हाय का?"

बरोबर आहे, मी म्हणाले. माझा आवाज त्या किरकिरीच्या जागी थांबला, पण म्हणाले.

बाई, तू अर्ध्यावर पुसलंस ते वाक्य तुझ्या नातसुनेनं पुरं केलं आहे. श्रीधर येईल की नाही मला ठाऊक नाही. मला अजूनही भीती वाटते आहे, आत्ता लिहितानाही, आणि हे मी रंगूनच्या मुलांपासून लपवत नाही. पाटी पुसलेली नाही, भिंतीला टेकवून ठेवली आहे. गल्लीच्या तोंडाशी टपालवाल्याची हाक ऐकू येते आहे. वेणू उठून दारात जाऊन उभी राहिली आहे, एकटी. मी लेखणी ठेवते आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहते.